हरण्याजोगी नाणी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या मार्गदर्शनाच्या शेवटी तुमच्या हाती पॉलिमर क्लेची पंचवीसेक नाणी येतील. त्यांतली काही गोलही असतील. हनुकाच्या आठ रात्रींत चार बाजूंचा भोवरा फिरवून ती जिंकायची आणि हरायची आहेत, आणि त्यातही मुख्य काम हरण्याचं. म्हणून आधीच सांगून ठेवते: नाणं इतकं देखणं हवं की समोरच्याला ते आपलं व्हावंसं वाटेल, पण इतकंही देखणं नको की हरणारा ते मुठीत आवळून ‘हे मी केलंय, मी देणार नाही’ म्हणत पलंगाखाली जाऊन बसेल. हा तोल नवशिक्याला आपोआप साधतो. हात बसला की बिघडतो. तेव्हा जे करायचं ते लवकर करा.

मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातल्या नवशिक्याला या कामात एक मोठी सवलत आहे: आजी आडवी येत नाही. मलिदा कालवा, नव्याच्या सणाला चिकाचा हलवा घोटा, मागून आवाज येणारच, ‘आमच्या वेळी असं नव्हतं हो.’ इथे त्या आवाजाला जागाच नाही, कारण तिच्या वेळी हे काहीच नव्हतं. कोकणातल्या बेने इस्रायलांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली. नव्याचा सण आहे, खिरीचा सण आहे, उपासाच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सणसुद्धा आहे. हनुकाला असं घरगुती नाव नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले, ही त्यांची परंपरागत कथा. मागे जेरुसलेमच्या मंदिरात काय घडलं ते या मंडळींना कोण येऊन सांगणार? हा सण त्यांच्याकडे फार उशिरा, कोचीनहून आलेल्या धर्मशिक्षकांच्या बोटाला धरून आला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, त्यांनाच पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या चमत्काराचा सण ठाऊक नव्हता. एक दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही गोष्ट ऐकून एखाद्या जुन्या तेल्याने धंद्याच्या काळजीने कपाळाला हात लावला असेल.

पैशांची चाल तर त्याहून परकी. सतराव्या शतकात पोलंडमध्ये हनुकाच्या दिवसांत मुलांच्या हातावर पैसे ठेवत, ते त्यांनी आपल्या शिक्षकाला नेऊन द्यावेत म्हणून. पैसे मुलांच्या हातून जाऊ लागले की पुढे काय होतं हे सांगायला नको. हळूहळू मुलांनाही त्यांचा वाटा मिळू लागला. १९२० च्या दशकात अमेरिकेत लॉफ्ट नावाच्या मिठाईवाल्या कंपनीने सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटची नाणी विकायला काढली. म्हणजे पैशाची नक्कल चॉकलेटने केली आणि आता चॉकलेटची नक्कल तुम्ही करणार. इतक्या लांबच्या नात्यात कोणी नाकडोळे जुळवून बघत नाही.

कित्ता कोणाचा गिरवावा

बाजारात मिळणारे साचे घेऊ नका. त्यांतून निघणारी नाणी एकसारखी, तुळतुळीत आणि काठोकाठ गोल असतात, म्हणजे ऐतिहासिकदृष्ट्या साफ चुकीची.

हनुका हा मक्काबी घराण्याच्या विजयाचा सण. अँटिओकस चौथा या सेल्युसिड राजाने जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची पूजा बसवली, त्यावर यहूदा मक्काबी आणि त्याचे भाऊ उठले, आणि इ.स.पू. १६४ मध्ये त्यांनी मंदिर परत घेऊन शुद्ध केलं. यहूदाने मात्र एकही नाणं पाडलं नाही. त्याला उसंत नव्हती. पुढे त्याचा भाऊ शिमोन याला अँटिओकस सातवा याने स्वतःची नाणी पाडायची परवानगी दिल्याचं मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात नोंदवलंय. परवानगी आली, पण शिमोनचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं नाणं आजवर कोणाला सापडलेलं नाही. सामान आणून ठेवलं, सगळ्यांना सांगून झालं आणि काम राहून गेलं. घरी हस्तकला करणाऱ्या समस्त नवशिक्यांनी या शिमोनची तसबीर भिंतीवर लावायला हरकत नाही.

काम केलं ते शिमोनच्या मुलाने, योहानान हिर्कानसने, आणि ढिगाने केलं ते नातवाने, अलेक्झांडर यन्नाईने. हा यन्नाई आपला खरा गुरू. त्याची ‘प्रुता’ नावाची काशाची नाणी म्हणजे घाईचा कळस. त्या काळी खडूसारख्या मऊ दगडात ओळीने वाटोळे खळगे कोरत, ते एका पन्हळीने जोडत आणि त्यात वितळलेला धातू ओतत. निघायची ती चकत्यांची माळ. तिच्यावर ठसा हाणायचा आणि चकत्या तोडून वेगळ्या करायच्या. तोडताना कडेला शेपूट राहायची, ती राहू द्यायची. ठसा मध्यावर बसायचा नाही, तोही तसाच सोडायचा. ताऱ्याचे अर्धे किरण नाण्यावर आणि अर्धे हवेत. राजाचं नाव कडेवरून घरंगळलेलं. चकती बोटाच्या पेराएवढी, चौदा-पंधरा मिलिमीटरची, आणि त्याच्या शेवटच्या काळातल्या नाण्यांवर तर अक्षरं आहेत की कोंबडी चालून गेलीय, असा प्रश्न पडावा. अशी नाणी हजारोंनी सापडतात, आणि पैसे घेऊन विकलीही जातात.

आता जरा मोजा. कडा वाकडी, जाडी कमीजास्त, चित्र एका बाजूला, अक्षरं अर्धवट. हे सगळं शिकायला यन्नाईच्या टांकसाळीला वर्षं लागली असतील. तुमच्या हातून ते पहिल्याच दुपारी होणार आहे. कोणी बोट ठेवलंच तर ‘यन्नाई शैली’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. स्पष्टीकरण दिलं की संशय येतो.

चित्राचीही काळजी नको. हश्मोनी, म्हणजे याच मक्काबी घराण्यातल्या, राजांनी नाण्यावर माणसाचा चेहरा घातला नाही. मूर्ती नको, हा कडक नेम. म्हणजे नाक कोरायचं नाही, डोळे सारखे काढायचे नाहीत. निवड अशी: नांगर, म्हणजे जहाजाचा, तारा, कमळासारखं लिलीचं फूल, किंवा फळांनी भरलेली दोन शिंगं आणि त्यांच्या मधोमध एक डाळिंब. हे शेवटचं चित्र इस्रायलातल्या, म्हणजे अश्दोद, लोद किंवा दिमोनाच्या, वाचकांना शोधत जायला नको. पाकिटात दोन शेकेलचं नाणं असेल तर त्यावर तेच आहे. ते समोर ठेवून बघून काढा. नाणंच मातीत दाबून ठसा मात्र घेऊ नका. चलनातल्या नाण्याची हुबेहूब नक्कल कुठल्याच सरकारला आवडत नाही, आणि तुमची नक्कल हुबेहूब नव्हती हा बचाव न्यायालयात मांडताना मानहानी होईल ती वेगळीच.

दीपवृक्ष काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेवटचा हश्मोनी राजा मत्तात्याह अँटिगोनस, इ.स.पू. ४० ते ३७, त्याने तो आपल्या नाण्यावर घातला. तोच आज इस्रायलच्या दहा अगोरोतच्या नाण्यावर दिसतो, आणि १९५८ साली बँक ऑफ इस्रायलने हनुकासाठी पहिलं खास नाणं काढलं तेव्हा त्यावरही त्यालाच बसवलं. हा मंदिरातला दीपवृक्ष, त्याला सात फांद्या. घरी हनुकाला लावतो त्याला नऊ जागा: आठ रात्रींचे आठ दिवे आणि इतरांना पेटवणारा नववा, शमाश. नवशिक्या डावीकडून एकेक फांदी काढत जातो, उजवीकडे जागा संपते आणि सहा फांद्यांवर काम थांबतं. सहा फांद्यांचा दीपवृक्ष यहुदी इतिहासाच्या कुठल्याच कालखंडात बसत नाही, तिथे यन्नाईसुद्धा तुम्हाला वाचवू शकणार नाही. मधली फांदी आधी काढा.

सामान

पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. ती पीव्हीसीची बारीक भुकटी. तिला मऊ ठेवायला एक तेलकट द्रव्य आणि रंग घातलेला. कलासाहित्याच्या दुकानात ‘क्ले’ मागितलीत तर तीन वेगळ्या वस्तू काउंटरवर येतील: हवेवर वाळणारी, दोन गोळे एकमेकांत मळून दगड होणारी, आणि बालवाडीतली, जी कधीच काही होत नाही. तिन्ही परत करा. आपल्याला भट्टीत भाजून पक्की होणारी हवी. फिमो किंवा स्कल्पी ही नावं सांगितली की दुकानदार एक तर आत जातो किंवा ऑनलाइन बघा म्हणतो. स्कल्पीची गोष्ट सांगण्यासारखी आहे: हे मिश्रण मुळात विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून न्यायला तयार केलं होतं, आणि त्या परीक्षेत ते नापास झालं. आपल्या कामाला असाच माल शोभतो.

वडी साधारण ५७ ग्रॅमची येते. जुन्या रुपयाच्या आकाराची, २५ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड नाणी पाडली तर एका वडीत पंचवीस-तीस निघतात. रंग सोनेरी घ्या, किंवा साधा पिवळा घेऊन वरून सोनेरी अभ्रकाची पूड लावा. दुसरा मार्ग स्वस्त दिसतो, पण पूड पुढची दोन वर्षं पडद्यांवर सापडत राहते.

बाकी हत्यारं घरातलीच, पण ती कायमची दत्तक द्यायच्या बोलीवर. लाकडी पोळपाट-लाटण्याला हात लावू नका. कच्च्या क्लेतलं तेलकट द्रव्य लाकूड शोषून घेतं, आणि मग पोळीला जो वास येतो त्याचा उगम कोणालाच सांगता येत नाही. काचेची सरळ बाटली लाटण्याचं काम करते, गुळगुळीत फरशीचा तुकडा पोळपाटाचं. गोल कापायला औषधाच्या बाटलीचं झाकण. जाडी सारखी राहावी म्हणून गोळ्याच्या दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या ठेवून त्यांच्यावरून बाटली फिरवायची. त्या काड्या मिळवण्यासाठी आधी आइस्क्रीम खावं लागतं. संपूर्ण प्रक्रियेत निर्विवाद यशस्वी होणारा टप्पा हाच. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा: या कामाला जे लागलं त्याने पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. कोशर घरात आधीच मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. आता प्लॅस्टिकचा तिसरा संसार मांडायचा आणि कपाटात त्याला जागा करून द्यायची. ही वाटाघाट क्ले विकत घेण्याआधी उरका.

मळणं, लाटणं, ठसा

वडी कागदातून काढली की ती कडक असते आणि चिरते. मळत राहा. उकडीचं पीठ हातात जसं एकदम ऐकायला लागतं तसा एक क्षण येतो. तोपर्यंत ‘ही वडी जुनी दिसतेय’ असं प्रत्येकालाच वाटतं. जेरुसलेमच्या डिसेंबरमध्ये ती खिशात घालून थोडं फिरून आलं की काम हलकं होतं. कोकणातल्या डिसेंबरमध्ये उलटा प्रकार. दुपारी ती बोटांना चिकटते, तिला दहा मिनिटं फ्रिजमध्ये पाठवा, बंद डब्यात. डबा कुठल्याही स्वस्त प्लॅस्टिकचा नको. कच्ची क्ले काही प्लॅस्टिकं मऊ करून त्यांना चिकटून बसते. काचेची बरणी बरी.

हात धुवा. मग पुन्हा धुवा. ही वस्तू घरातला प्रत्येक केस, स्वेटरचा प्रत्येक तंतू बोलावून घेते. पांढरा रंग आधी मळायचा आणि गडद शेवटी, नाहीतर पांढऱ्याचा राखाडी होतो.

आता ठसा. उरलेल्या क्लेची एक जाड चकती करून तिच्यात टाचणीने किंवा दाभणाने चित्र खोदा, ती भाजा, गार करा, आणि तिच्यावर मक्याच्या पिठाची चिमूट भुरभुरवून कच्ची चकती दाबा. पीठ विसरलात तर ठसा आणि नाणं यांचा जो संयोग होतो तो तलाकाशिवाय सुटत नाही. खोदाल ते नाण्यावर उंच उमटेल आणि उलटं उमटेल. ताऱ्याला आणि डाळिंबाला याने फरक पडत नाही. अक्षरांना पडतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे. म्हणजे ठशावर ती डावीकडून उजवीकडे कोरायची, मराठी माणसाच्या हाताला अगदी सरळ. आनंद इथेच आटपा, कारण प्रत्येक अक्षरही आरशातलं हवं. शिन जवळजवळ तसाच राहतो. गिमेल आणि नून दगा देतात. सोपी युक्ती: अक्षर पातळ कागदावर सरळ लिहा, कागद पालथा घालून खिडकीवर धरा, दिसेल ते कोरा.

याहून सोपी युक्ती म्हणजे पुरातन हिब्रू लिपी. हश्मोनी नाण्यांवर तीच आहे, आणि आज इस्रायलमधल्या रस्त्यावरच्या माणसाला ती वाचता येत नाही. चार तिरप्या रेघा, एक आकडी, एक फुली. कोणी विचारलं तर ‘योहानान महायाजक आणि यहुद्यांची सभा’ असं लिहिलंय म्हणायचं. हिर्कानसच्या नाण्यांवर खरोखर हाच मजकूर असतो. तुमच्या नाण्यावर तो असेलच असं नाही, पण तपासणारा विद्यापीठातून बोलवावा लागेल.

अभ्रकाची पूड लावायची ती या टप्प्यावर, भाजण्याआधी: बोटाच्या टोकावर जराशी घेऊन फक्त उंचवट्यांवरून फिरवायची. तोंडाला फडकं बांधा. नाकात जायला नको. पंखा बंद. हे वाक्य वाचेपर्यंत पूड उडालेली असेल, पण सांगणं आमचं काम.

भाजणं

पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा. फिमोला ११० अंश सेल्सियस, स्कल्पीला १३०. वेळ साधारण अर्धा तास. छोट्या ओटीजीच्या खटक्यावर मात्र विश्वास नको. तो १३० म्हणतो तेव्हा आतला पारा कधी १०५ असतो, कधी १६०, आणि दाराजवळ वेगळं नि मागच्या तारेजवळ वेगळं. आत ठेवायचा स्वतंत्र थर्मामीटर हीच या यादीतली एकमेव चैन, आणि तीच तेवढी चुकवू नये. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. कढईत घालू नका. इडलीपात्राचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा.

नाणी फरशीच्या तुकड्यावर, खाली साधा कागद घालून ठेवा. नुसत्या फरशीवर ठेवली तर बुडाला चकचकीत डाग पडतात. तापमान कमी पडलं तर नाणं वरून पक्कं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी बिस्किटासारखं मोडतं. फार चढलं तर आधी तपकिरी, मग काळं, आणि पीव्हीसी जळू लागली की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो. तसं झालं तर शौर्य दाखवू नका: भट्टी बंद, खिडक्या उघड्या, सगळे गॅलरीत.

सगळ्यात जास्त नाणी वाया जातात ती मात्र अधीरपणाने. भट्टीतून काढलेलं गरम नाणं मऊ असतं. नवशिक्या ते दाबतो, बोट रुततं, ‘कच्चं राहिलं’ म्हणून पुन्हा भाजतो, मग पुन्हा. गार होऊ द्या. गार झालेलं नीट भाजलेलं पातळ नाणं थोडं वाकतं आणि सरळ होतं.

वेळेचं गणितही इथेच मांडा. हनुका आठ दिवसांचा, त्यात शब्बाथ येणारच. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून मळणं, कोरणं, भाजणं सगळं बंद. त्या संध्याकाळी हनुकाचे दिवेही शब्बाथच्या दिव्यांआधी लावून मोकळं व्हावं लागतं. ‘एवढा एक घाणा काढते आणि आलेच’ हे वाक्य शुक्रवारी चालत नाही. शिवाय हनुकाचे दिवे जळत असतात तोवर बायकांनी काम करू नये, अशी जुनी चाल आहे. पुरुषांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ही ओळ का कोण जाणे नेहमी गाळलेली असते. दिवे निदान अर्धा तास जळायला हवेत. म्हणजे अर्धा तास पाय पसरून बसायचं आणि भट्टीकडे कोणाला बघायचं असेल तर त्याने बघावं.

शेवटची करामत जुनं दाखवण्याची. गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग गार नाण्यावर सगळीकडे फासा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. खाचांत तो राहतो, उंचवट्यांवरून निघतो, आणि दुपारी केलेलं नाणं दोन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी कमरेला बांधलेलं वाटू लागतं. सगळ्या कामात खरी जादू असेल तर ती एवढीच, पाच मिनिटांची. बोटांचे ठसे दिसतील. ते घासून काढायला ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरतात. काढू नका. हरवलेलं नाणं कोणी केलं होतं ते त्यावरून कळतं.

किती करावीत

इथे उत्साह आवरा. एका वडीची झाली की दुसरी फोडायची हुक्की येते. फोडू नका, आणि याला गणिताचा आधार आहे.

खेळ असा: सगळ्यांनी मधे एकेक नाणं टाकायचं, मग पाळीपाळीने भोवरा फिरवायचा आणि त्याच्या चार बाजूंवरच्या हिब्रू अक्षरांपैकी कुठलं पडतं ते बघायचं. नून पडला तर काही नाही. गिमेल पडला तर सगळं घ्या. ‘हे’ अक्षर पडलं तर अर्धं. चौथं अक्षर पडलं तर एक नाणं मधे घाला. हे चौथं अक्षर राहत्या जागेवर ठरतं. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या वाक्याची ही आद्याक्षरं, म्हणून ठाण्यात, अलिबागला, न्यूयॉर्कला भोवऱ्यावर शिन असतो. इस्रायलात चमत्कार ‘इथे’ घडला, म्हणून तिथल्या भोवऱ्यावर पे. दिमोनाच्या आत्याने पाठवलेला भोवरा पनवेलमध्ये फिरवला तरी नाणं घालावंच लागतं. ‘आमच्याकडे हे अक्षरच नाही’ ही सबब एकदाच चालते.

आता गणित. रॉबिन्सन आणि विजय या दोघांनी २००६ मध्ये सिद्ध केलं की हा खेळ सरासरी किती फिरक्या चालेल त्याची मर्यादा नाण्यांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढते. खेळाडू कितीही असोत. सोप्या मराठीत: नाणी दुप्पट केलीत तर खेळ चौपट लांबू शकतो. माणशी पाच नाण्यांचा डाव जेवणापर्यंत आटोपेल. माणशी वीस दिलीत तर तो सोळापट ताणण्याची शक्यता तुम्ही स्वतःच्या हाताने मळून भाजलीत. चार जणांना पाच-पाच, म्हणजे वीस. वरची पाच सोफ्याच्या फटीसाठी.

गणितवाल्यांनी आणखी एक घोळ करून ठेवलाय. फाइनरमन नावाच्या गृहस्थांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की दोनाहून जास्त खेळाडू असले की हा खेळ न्यायाचा राहत नाही. आधी फिरवणारा फायद्यात, शेवटचा तोट्यात. ही माहिती घरातल्या दहा वर्षांच्या मुलापर्यंत पोचू देऊ नका. पहिली फिरकी कोणाची यावर जो वाद पेटेल तो मक्काबींनाही मिटवता येणार नाही. सर्वात लहानाला आधी द्या आणि ‘लाडाने दिली’ म्हणा.

वापर

नाणी खाऊ नयेत. हे सांगावं लागतं, कारण या आठवड्यात मुलांना जे जे सोनेरी आणि गोल दिसतं ते चॉकलेट असतं. दोन्ही प्रकार एका वाडग्यात ठेवले तर रात्री उशिरा कोणीतरी, आणि तो बहुधा मोठाच माणूस असतो, अँटिगोनसचा दीपवृक्ष दाताखाली घेतो. मातीच्या नाण्यांना भाजण्याआधी मधोमध भोक पाडून ठेवलं की गोंधळ टळतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती तर ती देऊच नका. गिळण्याजोग्या आकाराची आहेत.

जमाखर्च दिव्यांपाशी बसून करायचा नाही. हनुकाच्या दिव्याच्या उजेडात पैसे मोजू नयेत, असं तल्मूदमध्येच सांगून ठेवलंय. ते दिवे बघण्यासाठी, वापरण्यासाठी नव्हेत. मातीचे पैसे त्यात धरावेत का, यावर घरात दोन माणसं असतील तर तीन मतं निघतात. भांडण नको असेल तर वाडगा उचला आणि ट्यूबलाइटखाली जा.

राहता राहिला विनिमयाचा दर. आठव्या रात्री ज्याच्याकडे सगळा ढीग जमतो तो तुमच्याकडे येऊन खऱ्या पैशांत बदलून मागतो, आणि ‘तूच म्हणाली होतीस’ अशी साक्षही काढतो. म्हणून दर पहिल्याच रात्री कागदावर लिहून फ्रिजला लावा. चालण्यासारखा दर असा: चार मातीची दिली तर एक चॉकलेटचं. मोडलेलं नाणं दोन्ही तुकडे आणले तरच धरलं जाईल. कागद सोललेलं चॉकलेट परत घेतलं जाणार नाही. रुपये किंवा शेकेल कुठल्याही परिस्थितीत मिळणार नाहीत, आणि नाण्याला शेपूट आहे, ठसा कडेला गेलाय, फांद्या सहाच आहेत, अशा तक्रारींवर बँक विचार करणार नाही.